बेचाळीस अवजारं, दोन सह्या

सोमवार, ९ सप्टेंबर

शिक्का काढून घेतला! सव्वीस वर्षं माझ्या खिशात होता. साहेबांनी टेबलावरून तळहात पुढे केला आणि म्हणाले, "चौकशी संपेपर्यंत इथे राहू द्या, बाई." जसं काही मी त्यांचं पेन चुकून उचललं होतं. त्या शिक्क्यावर माझा नंबर आहे. तो कागदावर उमटल्याशिवाय आमच्या हँगरमधून विमान बाहेर पडत नव्हतं. आता पडेल — दुसऱ्या कुणाच्या शिक्क्याने पडेल. कुणाचं काही अडत नाही!

आणि हे कशापायी? एका टॉर्चपायी. बोटाएवढा टॉर्च.

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातली भुणभुण तरी थांबेल. मागच्या मंगळवारी संध्याकाळी काम संपलं. आमच्या टूलबोर्डावर बेचाळीस अवजारं. प्रत्येकाची खाच वेगळी, ज्याच्या त्याच्या आकाराची. काम संपलं की एकीने मोजायचं, मग दुसरीने पुन्हा मोजायचं, दोघींनी सह्या करायच्या, मगच विमान सोडायचं. पहिली मोजणी चिमणीची, दुसरी माझी. कागदावर बेचाळीस, खाली दोन सह्या. विमान गेलं. सकाळच्या पाळीने मोजलं तर एकेचाळीस! टॉर्चची खाच रिकामी. जिथे विमान उतरलं होतं तिथे धावाधाव करून फोन केला. त्यांनी चाकाचा कप्पा उघडला, तर टॉर्च आत. कंट्रोलच्या तारेपासून वीतभर लांब. तारेत अडकला असता तर चाक खाली आलं नसतं. वर एकशे दहा माणसं होती.

मी मोजलं होतं. लेखी दिलंय तसं. हेही दिलंय की मोजणीनंतर चिमणी विमानाकडे परत गेली होती, कप्प्यात राहिलेलं ग्रीस पुसायला. मी डोळ्यांनी पाहिलं. नियमात बसत नाही, पण पुसायला फडकं लागतं, अवजार लागत नाही, म्हणून मी बोलले नाही. ते चुकलंच माझं, चांगुलपणा नडला. पण शिक्का कुणाचा गेला? माझा! ती शिकाऊ. तिच्याकडे शिक्काच नाही, मग काढून काय घेणार? चोर सोडून संन्याशाला फाशी.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. तर विचारलं काय — "तू मोजलं होतंस ना गं?"

घरच्या माणसाने हे विचारावं! हे ड्रायव्हिंग शिकवतात. जन्म गेला शिकणाऱ्याच्या शेजारी बसून दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवण्यात. घरातही तेच. ह्यांचं ताट वाढलं आणि मी आतल्या खोलीत येऊन बसले. थोरल्या बहिणीचे तीन फोन आले. उचलले नाहीत. तिचं तर आता नावही नको.


मंगळवार, १० सप्टेंबर

हवाई प्रदर्शन आहे गुरुवारपासून. तिथे आमच्या हँगरतर्फे तंबू — शाळकरी मुलांना इंजिनियरिंगची गोडी लावायला. साहेब म्हणाले, "तुम्ही जा स्वयंसेवक म्हणून. नाहीतरी सध्या मोकळ्याच आहात." मला विचारलं नाही, सांगितलं. याला म्हणे स्वयंसेवा! निकाल पुढच्या मंगळवारी. तोवर मुलांना गोडी लावा.

शिक्का परत नाही मिळाला तर काय, तेही कळलं. गोदाम. नटबोल्टच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, निवृत्त होईपर्यंत.


बुधवार, ११ सप्टेंबर

तंबूत दुसरं कोण असावं? चिमणी! तिला कुणी पाठवलेलं नाही, स्वतःहून नाव दिलं. "ताई, तुम्ही पण? अय्या, किती छान!" छान?? मला इथे फेकलंय गं बाई, तू आपली नाचत आलीस. सकाळी नऊपासून जी चिवचिव चालू, ती पाचला तंबूचा पडदा पडेपर्यंत. म्हणून तर हँगरमध्ये सगळे तिला चिमणी म्हणतात. नाव मीच ठेवलंय.

मांडणी झाली. एका टेबलावर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या रिव्हेटने जोडायच्या, मुलांनी ते घरी न्यायचं. तिथे मी. मधे अर्धं कापलेलं जुनं इंजिन. पलीकडच्या टेबलावर चिमणी, आणि तिच्यापुढे — टूलबोर्ड! लहानसा, बारा अवजारांचा. "ताई, मुलांचा खेळ करणार आहे. डोळे मिटायला सांगायचं, एक अवजार काढायचं, कुठलं गेलं ते ओळखायचं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिच्या डोळ्यांत काही नव्हतं. इतका कोडगेपणा मला या जन्मी जमणार नाही.

टी-शर्ट मिळाला. छातीवर भल्यामोठ्या अक्षरांत — विमानाबद्दल मला विचारा! दोन मापं मोठा. मी त्यात आत कुठेतरी आहे.


गुरुवार, १२ सप्टेंबर

विचारलं हो लोकांनी. टॉयलेट कुठे आहे? फुकट टोप्या कुठे मिळतात? हा मुलगा आमचा नाही, कुणाचा आहे? विमानाबद्दल दिवसभरात तीन प्रश्न. त्यातला एक — "यातलं सगळ्यात महाग कुठलं?"

पाय नुसते भरून आले. तंबूच्या कापडातून उकाडा गळत होता, आणि दर वीस मिनिटांनी डोक्यावरून काहीतरी कानठळ्या बसवत जायचं. एक वडील मुलीला घेऊन आले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ, नीट अभ्यास केलास तर या काकूंसारखी होशील." मुलीने मला वरून खालपर्यंत पाहिलं. मग आईस्क्रीमच्या गाडीकडे पळाली. पोरगी हुशार आहे!

प्रसिद्धी खात्याचा एक टायवाला फोटो काढायला आला. या उकाड्यात टाय! "मॅडम, जरा हसा ना. इंजिनियरिंग म्हणजे मजा, हे दिसलं पाहिजे." सव्वीस वर्षं कोपरापर्यंत ग्रीसमध्ये हात घातले, मजा आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग तो चिमणीकडे गेला. ती हसतच होती, तिला सांगावं लागलं नाही. तिच्या टेबलाला मुलांचा गराडा. "डोळे मिटा! बघायचं नाही हं! उघडा! काय गेलं?" आणि पोरं किंचाळतात — "पक्कड!" माझ्यापुढे दोन मुलं. त्यातलं एक तिच्या टेबलावर जागा नव्हती म्हणून आलेलं.

कानामागून आली आणि तिखट झाली. दीड वर्षापूर्वी हिला पाना उलटा धरताना मी पाहिलंय. मी शिकवलं. स्क्रू आवळल्यावर त्यावर बोट फिरवायचं, नजरेवर विश्वास ठेवायचा नाही — कुणी शिकवलं? पुढच्या महिन्यात परवान्याची परीक्षा आहे तिची. पास होईल. शिक्का मिळेल. कदाचित माझाच नंबर पुसून तिचा घालतील.


शुक्रवार, १३ सप्टेंबर

टॉयलेट — चौसष्ट. विमान — दोन. त्या दोनांतला एक टायवाला.

चिमणी आज तासभर उशिरा आली. "साहेबांकडे काम होतं, ताई." असणारच. मी इथे मुलांची नाकं पुसते, ती तिकडे जाऊन साहेबांचे कान भरते. डोळे सुजल्यासारखे होते. झोप झाली नसेल, जागत असेल फोनवर. या वयात दुसरं काय!


शनिवार, १४ सप्टेंबर

आज मरणाची गर्दी. दुपारी एक बाई आल्या, पन्नाशीच्या, सोबत शाळकरी भाची. भाची चिमणीच्या टेबलावर खेळात रमली. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या. मग हसून म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आमचंच!" त्या ऑपरेशन थिएटरमधल्या नर्स निघाल्या. पोट शिवण्याआधी कात्र्या, चिमटे, कापसाचे बोळे, सगळं मोजतात म्हणे. एक कमी असला तर डॉक्टर कितीही ओरडू देत, टाका घालू देत नाहीत.

चिमणीला काय, निमित्तच हवं. "आमच्याकडे पण तसंच! आणि आमच्या ताई तर अशा मोजतात ना, की सही झाली म्हणजे ब्रह्मदेवाने येऊन मोजलं तरी तेवढंच भरणार!" मला पुढे ओढलं अक्षरशः. मी आपली ओशाळवाणं हसले.

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सहज विचारलं, त्यात काही खोच नव्हती. "दोघी मोजता की एकीनं मोजायचं आणि दुसरीनं सही ठोकायची? खोटं कशाला बोला, आमच्याकडे होतं असं कधीकधी. दिवसभर उभं राहून पाठ मोडलेली असते, समोरची पोरगी भरवशाची असते. वाटतं, हिनं मोजलंय ना, मग झालं." मग स्वतःच म्हणाल्या, "माझ्याकडून झालं होतं एकदा. बोळा बेसिनखाली सापडला म्हणून वाचले. नाहीतर त्या माणसाच्या पोटात आहे की काय, या विचारानं मी मेलेच असते."

मी म्हणाले, "आमच्याकडे नाही होत असं."

जरा जोरातच म्हणाले. बाईंनी भाचीला हाक मारली आणि गेल्या.

काय गरज होती पण त्यांना हे सगळं सांगायची? ओळख ना पाळख! आणि असल्या गोष्टी लोकांसमोर बोलतात का? नंतर संध्याकाळपर्यंत माझा हात रिव्हेट दाबायच्या दांड्यावरून घसरत होता. एका मुलाची पट्टी वाकडी जोडली. तो म्हणाला, "चालेल." मी म्हणाले, "चालणार नाही," आणि पुन्हा केली. आई म्हणाली, "अहो, राहू द्या ना, खेळणंच आहे." नाही राहू दिलं.


रविवार, १५ सप्टेंबर

सकाळी तो टी-शर्ट धुवायला घेतला. खांदा आणि कानामध्ये फोन धरलेला, कारण थोरली पुन्हा — आज उचलला एकदाचा. "अगं, किती दिवस अबोला धरशील? आईला मी ठेवून घेते बाई पुढचे दोन महिने, झालं समाधान?" मी हूं हूं करत होते. मान वाकडी, हात साबणात.

आणि एकदम आठवलं.

त्या मंगळवारीही मी अशीच उभी होते. हँगरमध्ये. फोन खांद्यात, मान वाकडी, थोरलीशी भांडत — आईला या महिन्यात कुणी न्यायचं यावरून. ती म्हणत होती, "तुला फक्त विमानं दिसतात, माणसं दिसत नाहीत." माझं डोकं फिरलेलं. चिमणी मोजणीचा कागद घेऊन आली. "ताई, बेचाळीस. तुमची मोजणी." टेबल लांब होतं. मी तिला खूण केली — वळ. ती वळली, थोडी वाकली. मी कागद तिच्या पाठीवर ठेवला आणि सही केली. बोर्ड माझ्या मागे होता.

माझ्या मागे होता!

मी साबणाच्या पाण्यात हात घालून किती वेळ उभी राहिले कोण जाणे. तो बोर्ड डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. येतो. पण तो सोमवारचा येतो, त्याआधीच्या शुक्रवारचा येतो, सव्वीस वर्षांतला कुठलाही येतो. मंगळवारचा येत नाही. पाहिलाच नाही तर येणार कुठून? आठ दिवस मी "मोजलं होतं" म्हणतेय. खोटं बोलत नव्हते, देवाशपथ. रोज मोजते म्हणून त्या दिवशीही मोजलं असेल असं धरूनच चालले. आणि तिला काय दिसणार? तिची पाठ माझ्याकडे. तिला वाटलं असेल, ताईंनी आधी मागे वळून मोजलं आणि मगच सही केली.

अजून एक आठवलं, ते न लिहून चालणार नाही. ती ग्रीस पुसायला परत गेली तेव्हा तिच्या एका हातात फडकं होतं आणि दुसऱ्या हातात घाण तेलाची बादली. हात दोनच असतात माणसाला. टॉर्च तिने तेव्हा नेला नाही. तो सकाळपासून आत पडलेला होता. तिची मोजणी चुकली, पोरगी दमली होती, होतं. पहिली चुकते म्हणून तर दुसरी असते. दुसरी मी होते. आणि मी साहेबांना लेखी काय दिलं? "परत गेली होती." फडकं नाही लिहिलं. बादली नाही लिहिली.

ह्यांनी बाहेरून विचारलं, "बरं आहे ना गं?" म्हटलं, "डोळ्यांत साबण गेला."

तंबूत गेले. शेवटचा दिवस. दुपारी मोठी कसरत होती, नऊ विमानं एकदम. सगळा तंबू रिकामा झाला, माना वर करून लोक मैदानात. आम्ही दोघीच राहिलो. चिमणी बोर्डाच्या खाचा फडक्याने पुसत होती. एकेका खाचेत बोट घालून. तसं मीच शिकवलंय. चिवचिव नव्हती. पुसता पुसता म्हणाली, "ताई, तुम्ही रागावलात ना माझ्यावर?"

"कामाचं बोल."

"मी साहेबांना शुक्रवारी भेटले ना, तेव्हा—"

तेवढ्यात ती नऊच्या नऊ डोक्यावरून गेली. तंबूचे बांबू थरथरले. तिचे ओठ हलत होते, मला काही ऐकू आलं नाही. आवाज विरल्यावर ती माझ्याकडे बघत थांबली. विचारायला हवं होतं, "काय म्हणालीस?" नाही विचारलं. भीती वाटली, तिने मला माफ वगैरे केलं असलं तर! मी रिव्हेट मोजायला घेतले. उगीचच. तिने बोर्ड पिशवीत भरला. जाताना म्हणाली, "मजा आली ना, ताई, चार दिवस?" मी मान हलवली.

तिची बस अजून लांब होती, तेवढ्यात तिला हाक मारायला हवी होती. नाही मारली.


सोमवार, १६ सप्टेंबर

उद्या साडेदहाला साहेबांकडे. सांगणार. सगळं सांगणार — फोन, पाठ, बादली. गोदाम तर गोदाम! चिठ्ठ्या तरी नीट चिकटवीन. ह्यांना आधी सांगितलं. वाटलं होतं, चेहरा पडेल. पण म्हणाले, "उद्या सोडायला येतो तुला." आणि भांडी घासायला घेतली, जे हे कधी करत नाहीत. मी आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

वाक्य पाठ केलंय. "साहेब, मी मोजलं नव्हतं." चार शब्द. आरशासमोर म्हणून पाहिलं. जमतं.


मंगळवार, १७ सप्टेंबर

मी तोंड उघडायच्या आत साहेबांनी शिक्का टेबलावर ठेवला. "प्रश्न मिटला, बाई. तिनं शुक्रवारीच लिहून दिलंय." कागद माझ्याकडे सरकवला. चिमणीचं अक्षर, गोल गोल. "टॉर्च परत नेल्याचं मला आठवत नाही. पण त्याआधी ताईंची सही झाली होती, आणि त्या मोजल्याशिवाय सही करत नाहीत. म्हणजे टॉर्च तेव्हा बोर्डावर होता. म्हणजे नंतर मीच नेला असणार." कालपासून ती कामावर नाही. परवान्याच्या परीक्षेतून नाव काढलंय. पुन्हा बसता येणार नाही, कुठेच, कधीच.

साहेबांनी पेन पुढे केलं. "शिक्का मिळाल्याची सही करा इथे." केली. शिक्का उचलला, खिशात घातला. आणि माझ्या तोंडून निघालं — "थँक्यू, साहेब."